ऐनवेळच्या विषयातून अजेंड्यावर: एका गावातल्या युवा सभेचं प्रकरण

गाव, तालुका आणि माणसं ओळखू येतील असे तपशील या लेखनातून काढून टाकले आहेत. त्या काळात मी ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या (पंचायतीच्या वर्षभराच्या कामांच्या यादीच्या) प्रशिक्षणासाठी या गावात जात होते. त्यामुळे पुढच्या काही निर्णयांत माझा हात आहे, आणि काही चुकांतही.

पार्श्वभूमी

पंचायत 11 सदस्यांची, म्हणजे लोकसंख्या 3,001 ते 4,500 च्या टप्प्यातली. हमरस्त्यापासून गाव थोडं आत आहे. कॉलेजला जाणारी मुलं-मुली रोज फाट्यावर येऊन एसटी पकडतात. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2022 साली परत आली. त्यानंतरच्या निवडणुकीत महिला राखीव जागेवर सरपंचताई निवडून आल्या. सुरुवातीला कारभार बराचसा त्यांचे यजमान पाहत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला फारसं खटकतही नव्हतं.

गावात तरुणांची कमी नव्हती, कमी होती ती ग्रामसभेत. निवडणुकीत पत्रकं वाटायला, गाड्यांवर झेंडे बांधायला आणि बूथवर दिवसभर बसायला हीच पोरं होती. निकाल लागला, गुलाल उधळला, की पुढची पाच वर्षं त्यांचं काम संपलं. वास्तविक घटनेच्या अनुच्छेद 243 नुसार गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. मतदानाचं वय 1989 पासून 18 आहे. पंचायतीची निवडणूक लढवायला 21 पूर्ण लागतात, पण ग्रामसभेत 18 वर्षांच्या मुलीच्या हाताचं वजन सरपंचाच्या हाताइतकंच. हे प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाय." त्याचं म्हणणं खरं होतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभा असते, पण दहावी झाल्यावर ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

15 ऑगस्ट 2023 ची ग्रामसभा मी पाहिली. शाळेच्या व्हरांड्यात, झेंडावंदन झाल्याबरोबर. हजेरी रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या आणि निम्मी माणसं सायकल-मोटारसायकल काढून निघून गेली. शेवटाकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी उभी राहिली. फाट्यावर बाईमाणसाला जायला जागा नाही, एसटी तासभर उशिरा येते, म्हणून आम्ही सकाळी पाणी न पिता घरातून निघतो, असं तिनं सांगितलं. उपसरपंच अण्णा मायेनंच म्हणाले, "बस पोरी, घेऊ आपण."

आठवड्यानं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं इतिवृत्त, पाहिलं. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली एवढंच होतं: "युवक-युवतींनी विविध समस्या मांडल्या. त्यावर चर्चा झाली."

अडचण नेमकी काय होती

अडचण त्या दोन वाक्यांत होती. सूचक नाही, अनुमोदक नाही, ठराव क्रमांक नाही. जे ठरावात येत नाही ते आराखड्यात जात नाही, आणि जे आराखड्यात नाही त्याचं अंदाजपत्रक कुणी करत नाही. बोलू दिलं, ऐकून घेतलं, कौतुकही केलं, पण काम पुढे सरकायला जो कागद लागतो तोच तयार झाला नाही. पंचायतीला वाटत होतं की आपण तरुणांना वाव देतो. तरुणांना वाटत होतं की इथं बोलून काही होत नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणूनच गाडं हलत नव्हतं.

रॉजर हार्ट यांनी 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. आमचं गाव तिसऱ्या पायरीवर बसलं होतं, आणि बसल्या जागी बरं चाललंय असं मानत होतं.

बाकीचे अडथळे नंतर उघडे पडले. पहिला मतदार यादीचा. पुढे यायला तयार असलेल्यांची नावं यादीशी ताडून पाहिली तर 18 पूर्ण झालेल्या नऊ जणांची नावंच नव्हती. मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरलाच नव्हता. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत चोख ठेवणारी ही पोरं. आणि पुढे आलेल्यांतला सगळ्यात तल्लख मुलगा तर 17 वर्षांचाच, म्हणजे सभेत बसू शकतो पण हात वर करू शकत नाही.

दुसरा अडथळा 'निधी नाही' या उत्तराचा. हे उत्तर खोटं नसतं, पण अर्धं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांपैकी तेव्हा 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचे, आणि 40 टक्के अबंधित होते. बंधित रक्कम निम्मी पिण्याच्या पाण्याला आणि निम्मी स्वच्छतेला. सिमेंटचा रस्ता, सभामंडपासमोरचे पेव्हर ब्लॉक, असलं सगळं अबंधितातून करायचं असतं आणि त्याच्यावरच साऱ्या वॉर्डांचा डोळा असतो. कुठला निधी नाही, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अण्णांनी सुचवला: दोन तरुणांना मासिक सभेला निमंत्रित म्हणून बसवायचं. सोपं आणि बिनखर्चाचं. पण निमंत्रिताला मत नाही, आणि ते दोघं निवडणार कोण? नावं विचारली तेव्हा अण्णांच्या तोंडून पहिलं नाव पुतण्याचं आलं. ते स्वतःच हसले.

दुसरा पर्याय म्हणजे ग्रामसभेआधी युवा सभा. आपल्या कायद्यानुसार नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, त्याच धर्तीवर. युवा सभेला कायद्याचा आधार नाही, तिचा ठराव कुणावर बंधनकारक नाही. पण तिथे ठरलेला विषय सूचक-अनुमोदकासह ग्रामसभेत नेण्याला कायद्याची आडकाठीही नाही.

तिसरा पर्याय मला स्वतःला आवडला होता. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून लोकसहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू झाली. बोस्टन शहरानं 2014 मध्ये 12 ते 25 वयाच्या मुलांना दहा लाख डॉलर कशावर खर्च करायचे हे ठरवू दिलं. आपणही स्वनिधीतला, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या करवसुलीतला, छोटासा हिस्सा तरुणांच्या हाती का देऊ नये? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही वसुली दाखवा, मी निधी दाखवतो." घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी मोठी होती. जे येत होतं त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी, आणि उरलेल्यात कर्मचाऱ्यांचे पगार नि दिवाबत्ती. माझी कल्पना तिथेच बारगळली.

चौथा पर्याय एका मुलाचा: मागच्या तीन वर्षांच्या खर्चावर माहितीचा अधिकार टाकायचा. पाचवा दुसऱ्याचा: थांबायचं आणि पुढच्या निवडणुकीत स्वतःचं पॅनल उभं करायचं. हा पाचवा पर्याय मी हसण्यावारी नेला नाही. ज्यांना 21 पूर्ण होणार आहेत त्यांच्यासाठी तोच खरा रस्ता असू शकतो. फक्त तोवर फाट्यावरच्या मुलींनी काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

दुसरा पर्याय ठरला, दोन अटींसह. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्या नोटिशीतच युवा सभेचा विषय छापून यायला हवा, ऐनवेळचा म्हणून नाही. आणि प्रत्येक मागणीला ग्रामसभेनं 'हो', 'नाही' किंवा 'पुढच्या वर्षी' असं कारणासह उत्तर द्यायचं आणि ते प्रोसिडिंगला लिहायचं.

दुसऱ्या अटीवर भाऊसाहेब अडले. 'नाही' लिहून दिलं की उद्या कुणी तो कागद घेऊन वर जाणार, ही त्यांची भीती. त्यांच्या जागी मी असते तर मीही अडले असते. तेव्हा सरपंचताईंनी ऑगस्टचं प्रोसिडिंग मागवलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. "चर्चा झाली म्हणजे काय झाली, भाऊसाहेब?" कुणालाच सांगता येईना. यजमान काही बोलायला लागले तर त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "सही माझी आहे याच्यावर." अट मान्य झाली.

काय केलं

आधी मतदार नोंदणी. 2022 पासून वर्षातून चार अर्हता तारखा (ज्या दिवशी 18 पूर्ण असले की नाव नोंदवता येतं त्या) असतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. नऊ जणांचे फॉर्म भरून घेतले. 2 ऑक्टोबरच्या सभेला त्यांचा उपयोग होणार नव्हता, पण जानेवारीच्या सभेची तयारी झाली.

मग पहिली युवा सभा, आणि तिथे माझी पहिली चूक. जागा ठरली व्यायामशाळा, वेळ रात्री आठची, निरोप मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. चाळीसच्या आसपास मुलं आली आणि तीन मुली. यादी झाली: स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिका, मैदानाचं सपाटीकरण, जिमचं साहित्य. शौचालयाचा विषय यादीत आलाच नाही. जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं ती मुलगी दाराजवळ उभी होती आणि सभा संपायच्या आत निघून गेली.

पहिला खरा निर्णयाचा क्षण तो. यादी बहुमतानं झाली होती, तीच पुढे न्यायची का? की मुलींची वेगळी बैठक घ्यायची? वेगळी घेतली तर 'मॅडमनी आमचा निर्णय फिरवला' असं होणार. मी वेगळी घेतली. रविवारी दुपारी चार वाजता, अंगणवाडीत. एकोणीस जणी आल्या. लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि दहा मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या: फाट्यावर शौचालय, फाटा ते गाव रस्त्यावर दिवे, आणि सभा दिवसा घ्या.

मुलं चिडली. "मग आमच्या सभेला काय अर्थ?" हा प्रश्न रास्तच होता, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच केलं की दोन्ही याद्या घेऊन सगळ्यांना पुन्हा एकत्र बसवलं आणि भाऊसाहेबांना येणाऱ्या निधीचा तक्ता आणायला सांगितला. फळ्यावर दोन रकाने आखले, बंधित आणि अबंधित, आणि एकेक मागणी कुठल्या रकान्यात बसते ते मुलांनीच लिहिलं. अबंधिताच्या रकान्यात दोन वॉर्डांचे रस्ते आधीच बसले होते. शौचालय स्वच्छतेत गेलं. 17 वर्षांचा तो मुलगा फळ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे संडासाला पैसे आहेत, मागणारं कुणी नव्हतं. अभ्यासिकेला मागणारे आहेत, पैसे नाहीत." भाऊसाहेबांनी मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा पोरं आणि भाऊसाहेब एकाच बाजूनं फळ्याकडे बघत होते.

शौचालय पहिल्या क्रमांकावर घ्यायला मुलांनीच हात वर केले. माझ्या समजावण्यानं नाही, त्या रकान्यांमुळे.

मग जागेचा घोळ. फाट्यावरची ठरवलेली जागा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हद्दीत निघाली. तिच्या परवानगीमागे लागलो असतो तर ते वर्ष गेलं असतं. 17 वर्षांच्या मुलानं टेप घेऊन मोजमाप केलं. थांब्यापासून दोनशे पावलांवर पंचायतीची मोकळी जागा होती. लांब पडेल, अशी मुलींची तक्रार होती, आणि ती बरोबर होती. तरी तीच जागा घेतली.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जे कमी असेल ते, म्हणजे इथं 100. एरवी कोरमअभावी सभा तहकूब व्हायची आणि मग गणपूर्तीची गरज नसलेली तहकूब सभा पंधरा-वीस जणांत उरकायची, असा रिवाज पडलेला. कित्येक गावांत पडलेला आहे. यावेळी पोरांनी घराघरांतून माणसं आणली आणि पहिल्याच सभेला कोरम भरला. सूचक म्हणून बी.एस्सी.ची मुलगी उभी राहिली. अनुमोदक म्हणून मुद्दाम बचत गटाच्या एका आजींना विचारलं होतं. नुसत्या पोरीपोरींचा विषय म्हणून तो उडवला जाऊ नये, हा त्यातला डाव, आणि डाव मुलींचाच होता. 17 वर्षांच्या मुलानं अध्यक्षांच्या परवानगीनं नकाशा दाखवला. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानं हात खिशात घातले.

ठराव मंजूर झाला. दिव्यांना अर्धा होकार मिळाला: फाट्याकडचे चार खांब आत्ता, बाकी पुढे. अभ्यासिकेला नकार, आणि तो लिहून: अबंधित निधी आधी मंजूर केलेल्या रस्त्यांवर खर्च होणार असल्याने यंदा शक्य नाही, पुढील आराखड्यात विचार व्हावा. दोन मुलं त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडली.

निष्पत्ती

शौचालय 2024-25 च्या आराखड्यात आलं आणि ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलं. पोरांनी मोबाईलवर ते पाहिलं, स्क्रीनशॉट फिरवले, आणि मग काहीच होईना. अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता होईतो 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली तर पावसाळा. पावसाळा सरला तर 15 ऑक्टोबरला विधानसभेची. नवं काम सुरू करता येत नव्हतं. या काळात मुलांना कुणी काही कळवलं नाही. 'झालं ना परत तेच' हा सूर घराघरांत होता. कामाला उशीर होणं समजण्यासारखं होतं, पण उशिराचं कारण फलकावर चार ओळींत लिहायला काय लागत होतं?

2025 च्या सुरुवातीला बांधकाम झालं. पुढचे काही आठवडे दाराला कुलूप. झाडणार कोण, पाणी भरणार कोण, किल्ली कुणाकडे, यातलं काहीच ठरावात नव्हतं. शेवटी बचत गटानं मानधनावर काम घेतलं आणि दार उघडलं. दुपारनंतर टाकीत पाणी नसतं, ही तक्रार मी शेवटची गेले तेव्हाही होती.

अभ्यासिका मात्र पैशांशिवाय झाली, तीही त्या लेखी नकारामुळे. कारण निधी एवढंच आहे हे कागदावर असल्यानं मुलांनी पुढच्या सभेत निधी न मागता पंचायतीची जुनी खोली संध्याकाळी सहा ते दहा उघडी ठेवायची परवानगी मागितली. तिला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. टेबलं शाळेतली मोडकी, दुरुस्त केलेली. ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी एक जण तिथे रोज बसतो.

युवा सभेचं काय? मी होते तोवर पाच वेळा झाली, दोनदा रद्द झाली, आणि एकदा नऊच जण होते. बी.एस्सी.ची मुलगी पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला शहरात गेली. तिच्यामागोमाग मुलींची संख्या घसरली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सभेची वेळ आणि जागा मी मुलींना विचारून ठरवायला हवी होती. वेगळी बैठक हा त्या चुकीवरचा उपाय होता. पण तो कामी आला म्हणून ती बैठक कायमची करायला हवी होती, ते मी केलं नाही. एकदा एकत्र बसले की प्रश्न सुटला, असं मी धरून चालले.

ठरावात देखभालीची ओळ हवी होती. बांधकामाचा ठराव करताना किल्लीचा ठराव करायचा असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मुलींनी फाट्याजवळच्या जागेसाठी हट्ट धरला तेव्हा निदान बांधकाम खात्याला एक पत्र द्यायला हवं होतं. नकार आला असता तर आला असता.

माहितीच्या अधिकाराबद्दल मी अजून द्विधा आहे. त्या मुलाला मी थांबवलं, म्हटलं आधी सभेत विचार, मग अर्ज कर. त्यामुळे भाऊसाहेब तक्ता घेऊन फळ्यापाशी आले, हे खरं. पण रस्त्यांची कामं आधीच कशी बसली होती, कुणाच्या वॉर्डात बसली होती, हा प्रश्न त्यामुळे कधीच विचारला गेला नाही. गोडीगुलाबीची ती किंमत होती, आणि ती मी त्या मुलाच्या वतीनं भरली. त्याला विचारून नाही.

माणसं जाणार हे तर ठरलेलंच होतं. तरुण म्हणजे दोन-तीन वर्षांत गाव सोडणारी माणसं. सूचक म्हणून उभी राहणारी प्रत्येक मुलगी आपल्यासोबत एका धाकटीला बसवेल, एवढा साधा नियम पहिल्या दिवशी घातला असता तर सभा नऊ जणांवर यायची वेळ आली नसती.

शेवटच्या भेटीत पंचायतीच्या फलकाजवळ तो मुलगा भेटला. आता तो 18 पूर्ण, यादीत नाव असलेला. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली होती आणि तो तिचा फोटो काढत होता. विषय होता फाट्यावरच्या टाकीला स्वतंत्र नळजोडणी. नोटिशीत होता, ऐनवेळचा नव्हता. मी अभिनंदन केलं तर म्हणाला, "मॅडम, नीट बघा. नवव्या नंबरला टाकलाय. नवव्यापर्यंत कोण थांबतं? पाचव्याला निम्मी सभा उठते." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. सरपंचांच्या नावे अर्ज होता, विषय तिसऱ्या क्रमांकावर घेण्याबाबत. पोच घ्यायला तो आत गेला.